पोर्टमधून रक्त आलं ती सकाळ

शालिनी सिस्टरांचे माझ्यावर जेवढे उपकार आहेत, तेवढे आईवडिलांखेरीज कुणाचेच नाहीत. त्या आमच्या नात्यातल्या नव्हेत, गावातल्याही नव्हेत. त्या भेटल्या त्या सकाळी देव आहे की नाही, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला होता.

आईला कॅन्सर झाला होता. औषधांनी हातांच्या शिरा निकामी झाल्या, म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या छातीवर कातडीखाली पोर्ट बसवला होता. नाण्याएवढी डबी आणि तिच्यापासून मोठ्या शिरेत गेलेली नळी. औषध चालू नसलं तरी दर महिन्याला तो सलाइनने धुवायचा आणि आत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन भरून बंद करायचा. त्या महिन्यात नेमकी बिरोबाची यात्रा आली आणि आई हटून बसली. "नळी धुवायला पुन्याला कशाला? बारामतीत पानी न्हाय व्हय?" धुवायची तारीख टळली. पुढचं औषध आठवड्यावर आलं. पोर्ट बुजला असेल तर पुन्हा ऑपरेशन, आणि ते सोसायची ताकद तिच्यात नव्हती.

पुण्याहून दिलेली खास सुई आणि औषधं घेऊन मी तिला लोणी भापकरहून बारामतीला आणलं. एका दवाखान्याने नाही म्हटलं. दुसऱ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "पोर्ट मी कधी हाताळलेला नाही." मी घरातला पहिला पदवीधर, अडलेलं काम चिकाटीने होतं, हे मला ठाऊक होतं. इथे चिकाटी लावायची कुठे तेच कळेना. तरी परत फिरायचं नाही, असं ठरवलं. मनात म्हणालो, बिरोबा, मी इथून हलत नाही, आता तूच बघ.

तेवढ्यात तिथेच आपल्या सासूबाईंना घेऊन बाकावर बसलेली एक बाई उठून आली. "सुई पोर्टचीच आहे ना? साधी चालत नाही." याच शालिनी सिस्टर. राहायला वालचंदनगरला, लग्नाआधी मुंबईत कॅन्सरच्या वॉर्डात नर्स होत्या. डॉक्टरांनी पुण्याला फोन करून विचारलं आणि आपली खोली दिली.

पदर सारला, तर पोर्टवर भंडाऱ्याचा पिवळा थर! निघताना आईने देवाचं नाव घेऊन तो चोळला होता. मी ओशाळलो. सिस्टर हसल्या. "मावशी, देव कपाळावर असू द्या. सुईच्या जागेला स्पिरिट लागतं."

"लाव बाई. देवाला बी जरा लाव, लई दिस झोपलाय."

जागा नीट धुऊन, औषध लावून, ती वाळेपर्यंत सिस्टर थांबल्या. मग सुई घातली, सिरिंज हळूच मागे ओढली. नळी मोकळी असेल तर रक्त यायला हवं होतं. ते येईना.

"जरा जोरात ढकलून बघा ना," मी म्हणालो.

"जोर लावला तर नळी फाटेल. थांबा." त्यांनी आईला हात वर करायला लावला, मान वळवायला लावली. "खोका मावशी, शेजारणीला ऐकू जाईल असं."

"शेजारीन बहिरी हाय गं," म्हणत आई खोकली, आणि सिरिंजमध्ये लाल धार आली.

थांबत थांबत सलाइन, मग हेपॅरिन, आणि शेवटचा थेंब आत जातानाच सुईच्या नळीवरचा चिमटा बंद. नळीचं टोक शिरेच्या भिंतीला टेकलं असेल, म्हणून रक्त अडलं, असं सिस्टर म्हणाल्या. असेलही. त्या दिवशी त्याच बाकावर त्याच कशा बसल्या होत्या, एवढं मात्र मला अजून उलगडलेलं नाही. आपण जिद्दीने दारापर्यंत जावं. दार उघडणं आपल्या हातात नसतं, आणि तिथे हात सैल सोडावा लागतो. हे मी त्या खोलीत शिकलो. पुढे त्यांना पत्र लिहिलं, ते असं:

"ती. सिस्टर, सा. न. वि. वि. पुण्यात पोर्टमधून रक्त लगेच आलं. आईची उरलेली सगळी औषधं त्यातूनच गेली आणि काल पोर्ट काढला. डॉक्टर म्हणाले, आता गरज नाही. टाक्यांवर हात ठेवून आई म्हणते, 'त्या पोरीला लिही, आता धुवायला काय बी उरलं न्हाय. नुसती जेवायला ये म्हनावं.'"