वडनेरच्या अंगदाचा पाय

अंगद गेला.

म्हणजे आमच्या वडनेरचे पुंडलिकभाऊ. मिरची-वांग्याची बागाईत करायचे, आणि रामनवमीच्या सोंगांत दरवर्षी अंगद व्हायचे.

नव्या पोरांसाठी सांगतो. वालीचा पोरगा अंगद रामाचा निरोप घेऊन रावणाच्या दरबारात जातो. पाय रोवतो आणि म्हणतो, हा पाय कोणी हलवला तर आम्ही सीतामायला न घेताच परत जाऊ.

कोणाच्यानंच हलत नाही.

एकदा एक कीर्तनकार म्हणाले, मूळ कथेत हा पाय नाहीच, पुढच्या कवींनी घातला.

भाऊ म्हणाले, "त्यायनं उशिरा लिवलं असन, महाराज. पाय पयलेपासून तिथंच व्हता."

तर, महाराष्ट्र नवा नवा झाला होता. माझा लाऊडस्पीकरचा धंदा त्याहून नवा. त्या वर्षी सोंगांना पहिल्यांदा माईक लागला, आणि एका राक्षसाचं सोंग मिळालं गुलाब पैलवानाला.

दुपारीच पारावर त्याचं बोलणं माझ्या कानावर आलं. "नाटक गेलं खड्ड्यात. आज मी पाय उचलतोच."

भाऊंना सांगितलं. ते काजळानं मिशी काढत होते.

"येऊ दे त्याले."

आला. आधीचे राक्षस खोटंखोटं कण्हून पडले होते. यानं मांडी ठोकली, घोटा धरला आणि खराच जोर लावला.

टाच सुटली. बोटभर.



भाऊ वाकून त्याच्या कानात बोलले. पण माईक डोक्यावरच टांगलेला. कर्ण्यातून गावभर ऐकू गेलं,

"उचल गुलाब. पण सीतामाय लंकेतच राह्यली, हे तुह्या मायले तूच सांग."

गुलाबची माय पुढंच बसलेली. पदर खोचून उठली.

"काऊन बे गुलाब्या? सोड तो पाय. सीतेले घरी येऊ दे."

एवढा पैलवान, पाय सोडून हसत हसत आडवा झाला. रावण दहाही तोंडांनी हसत होता.

तेव्हापासून दोघं जिवाचे दोस्त. गुलाबभाऊ दर बाजारात विचारायचे, "पाय हलला व्हता का नाई? खरं सांग."

"हलला नाई बे. मुंगी चावली व्हती."

आज तिरडी उचलताना गुलाबभाऊ पायाकडून आले. पोरं या वयात नको म्हणत होती, ऐकलं नाही. वाकून काहीतरी पुटपुटले.

या वेळी माईक नव्हता. पण माझे कान अजून शाबूत आहेत.

"अंगदा, सीतामाय कवाच घरी पोचली. आता तरी उचलू दे."

उचलला.

भाऊ, रामराम घ्या.