शून्याला नाकारणाऱ्या नजमाबाई

नजमाबाई शेख यांची माझी पहिली ओळख झाली, तेव्हा त्यांनी भर सभेत माझ्या हातातला माइक काढून घेतला! गडचिरोलीच्या आमच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. मूळच्या वरोऱ्याच्या बाई गणित विभागाच्या प्रमुख होत्या. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या संगणक प्रोग्रॅमचे उद्घाटन होते, सूत्रसंचालन माझ्याकडे. नदीची पातळी टाकली की उद्या भामरागडचा रस्ता पाण्याखाली जाण्याची शक्यता तो प्रोग्रॅम सांगे. त्या दिवशीची पातळी टाकली. पडद्यावर उमटले, शून्य! टाळ्या पडल्या. भामरागडचे महादूभाऊ उठले.

"मंग आजच बायकोले घेऊन गावाले जातो." वहिनींना नववा महिना होता.

तेवढ्यात बाईंनी माइक घेतला. "थांबा भाऊ!" मग त्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीकडे वळल्या. "वैशाली, हे शून्य आलं कुठून?"

"मॅडम, उत्तर उणे येत होतं. शक्यता उणे नसते ना, म्हणून उणे आलं की शून्य दाखव, असं लिहिलं."

मी हादरलो. शक्यता मोजायला लागणाऱ्या एरर फंक्शन या सूत्राची किंमत काढताना मुलांनी अनंत मालिकेची पहिली पाचच पदे घेतली होती. लहान आकड्यांना ती पुरतात. आकडा वाढला की बेरीज एकाच्या वर जाते, आणि एकातून ती वजा केली की हाती उणे येते. तपासणी मात्र लहान आकड्यांवरच झाली होती! बाईंनी तिथेच बसून शक्यतेच्या घंटेसारख्या वक्ररेषेचे निमुळते शेपूट थेट मोजणारे फंक्शन घातले. नवे उत्तर आले, शंभरात दोन.

"दोनच ना बाई?" महादूभाऊ हसले.

"दोनच. पन कोनाले घेऊन चालले, ते पाहा ना!"

दोघे नवराबायको त्या रात्री गडचिरोलीतच मेहुणीकडे मुक्कामी राहिले. दुसऱ्या दिवशी भाऊ चिडवायला हजर. "रस्ता तं चालूच राह्यला, बाई! काऊन भेव दाखवलं?"

"राह्यला, चांगलं झालं. पन काल तुमी ठरवलं, त्या खोट्या शून्यानं नाई."

आदल्या दिवशी कार्यक्रमानंतर रडणाऱ्या वैशालीपुढे बाईंनी आपला डबा उघडून ठेवला होता. म्हणाल्या, "उणे उत्तर ओरडून सांगत होतं, चुकलं म्हणून. तू त्याचं तोंड दाबलं. जेव आधी."

तोंड दाबल्याचे ते वाक्य मला अजून झोंबते. उणे दिसताच शून्य लिहून मोकळी होणारी माणसे मी कचेऱ्यांत पाहतो, व्यासपीठांवर पाहतो, आणि दर वेळी तितकाच हादरतो.

बाई, आज तुमची साठी. त्या वक्ररेषेचे शेपूट कितीही बारीक झाले तरी शून्याला टेकत नाही. तुमचे आयुष्य तसेच लांबत जावो, प्रकृती ठणठणीत राहो. आणि आम्ही टाळ्या वाजवत चुकू लागलो, की माइक असाच काढून घ्या!