साहेबांची उसण

समस्त मानवजातीस कळवण्यात येते की, आमच्या खामगावच्या जिनिंगमधल्या हमालांना ओझं कसं उचलावं, हे अखेर शिकवण्यात आलं. शिकवणारे साहेब दर महिन्याला येत. 'कृपया' म्हटल्याशिवाय त्यांना शिंकही येत नसे. चहाचा कप उचलायलासुद्धा ते पाय फाकवून, गुडघ्यांत वाकून खाली बसत. वजनकाट्यावर बसून मी हा सोहळा मन लावून बघे.

त्या दिवशी मालक स्वतः प्रशिक्षण बघायला येणार होते. पसंत पडलं तर साहेबांचं काम वर्षभर पक्कं. साहेबांनी सरावाला सरकीचं पोतं उचललं आणि अर्ध्यातच वाकडे होऊन थांबले. कंबरेत उसण भरली होती. हमालांनी रुक्माबाईला बोलावलं. ती पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली; अशा माणसाच्या लाथेनं उसण निघते, असं आमच्याकडे मानतात.

"कृपया, अंधश्रद्धा नको," साहेब कण्हले.

"मीबी साहेबाले लाथ कशी मारू बाप्पा?" रुक्माबाई लाजली.

तेवढ्यात फाटकाशी मालकाच्या गाडीचा हॉर्न वाजला. तसे साहेब ओरडले, "मार वं मावशी, जोरात मार, मालक येऊन राह्यला!"