तीन थेंबांचे माझगावकर

माझगावकरांच्या टेबलावर कसलीही यादी आली की ते ती आधी पालथी ठेवत. मग चष्मा पुसत, पाण्याचा घोट घेत, कागद सुलटा करत आणि वर तळहात झाकून एकेक नाव उघडं करत खाली सरकत. दहावीचा निकाल बघणारं पोरसुद्धा इतकं घाबरत नसेल. शेवटचं नाव संपलं की "नाय" म्हणत आणि कामाला लागत. ते 'नाय' सुटकेचं होतं की निराशेचं, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

नव्वदीच्या अखेरीस शारजात, रोल्लामधल्या एका टायपिंग ऑफिसात आमची टेबलं शेजारी शेजारी होती. मी इंग्रजी टाइप करायचे, ते चिनी. चेहऱ्याने माणूस अस्सल चिनी, पण पहिल्या दिवशी मी नाव विचारलं तर म्हणाले, "नाव कठीण हाय. तू माझगावकर बोल." आजोबा मुंबईच्या गोदीत जहाजांचे सुतार होते आणि यांचा जन्म माझगावचा. मराठी असं बोलत की गिरगावात वाढलेल्या मला आपलीच भाषा आळणी वाटावी. मला 'बाय' म्हणत. मी डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी पुढे केली की डोळे मिटून खात आणि म्हणत, "खलास. आता मेलो तरी चालंल." हे शेवटचं वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेत असे.

आमच्याकडे चिनी व्यापाऱ्यांची कागदपत्रं येत आणि एका चिनी कंत्राटदाराच्या कामगारांच्या याद्याही. आमच्या कॉम्प्युटरला चिनी अक्षरं येत, पण सगळी नाहीत. एखाद्याच्या नावात दुर्मीळ अक्षर असलं की कागदावर त्या जागी नुसता रिकामा चौकोन छापला जाई. माझगावकरांचं खरं काम तिथे सुरू व्हायचं. ते बारीक कुंचला काढत, काळ्या शाईत बुडवत आणि त्या चौकोनात माणसाचं नाव बसवत. "मशीनला जो म्हाईत नाय, तो पण मानूसच हाय ना?" असं म्हणत.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. तिच्यात फक्त एकाच कुळातली अक्षरं होती: ज्यांच्या डाव्या अंगाला तीन थेंब असतात ती. तीन थेंब म्हणजे पाणी. रोजच्या वापरातली पाण्याची अक्षरं त्यांनी घेतली नव्हती. जी मोठ्या कोशातही मुश्किलीने सापडतात, तेवढीच. एकाचा अर्थ पूर ओसरल्यावर अंगणात उरलेलं पाणी, एकाचा दगडाखाली ऐकू येणारं पण न दिसणारं पाणी. प्रत्येक अक्षराशेजारी ते त्याचं हजारो वर्षांपूर्वीचं रूप काढत. त्यात थेंब नसत. मधोमध एक नागमोडी रेघ आणि दोन्ही अंगांना ठिपके, वाहत्या ओढ्याचं चित्रच.

ती जुनी अक्षरं बैलाच्या हाडांवर आणि कासवाच्या कवचावर कोरलेली सापडतात, हे त्यांनीच मला सांगितलं. राजाला पुढचं जाणून घ्यायचं असलं की हाड तापवत, त्याला तडे जात, त्या तड्यांवरून उत्तर वाचत आणि तिथेच लिहून ठेवत. "पयलं लिवणं प्रेमपत्र नव्हतं, बाय. 'आता काय व्हनार' ह्ये इचारायला लिवलं. म्हनून अक्षराला जपायचं. अक्षर पुढचं बघतं." मी एका विज्ञानशिक्षकाची मुलगी. मी म्हटलं, "अक्षर काही बघत नाही, माझगावकर. बघतो तो माणूस." ते म्हणाले, "मग मानसाला जपायचं."

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं: नावात जे घालतात, ते नशिबात कमी असतं. पोर जन्मलं की त्यांच्याकडे ज्योतिषी बघतो. पाणी कमी दिसलं तर नावात थेंब घालायचे, लाकूड कमी दिसलं तर झाड. माझ्या मुलीचं नाव रेवा आहे म्हणजे नदीचं, हे कळल्यावर खूश होण्याऐवजी ते गंभीर झाले. "नदी ठेवली? मंग पोरीला उन्हात सोडू नको." सात वर्षांची रेवा म्हणाली, "अंकल, आय ड्रिंक सो मच वॉटर." आम्ही हसलो. त्याच वर्षी जूनमध्ये शाळेच्या बसचा एसी बंद पडला आणि रेवाला बेशुद्ध अवस्थेत उतरवली.

माझगावकर इस्पितळात आले आणि सलाइनच्या बाटलीकडे बघत बसून राहिले. थेंब पडत होते. मी रडत रडत, आपल्याकडे बायका म्हणतात तसं, म्हणत होते, "माझं आयुष्य तिला लागो." ते वळले. "असं देता येतं, बाय?" रेवा एव्हाना डोळे उघडून ज्यूस मागत होती, मला हायसं वाटलं होतं. मी म्हटलं, "म्हणायला काय जातं?" ते मान हलवत म्हणाले, "नुसतं म्हनून नाय व्हायचं. लिवायला लागंल." हे मी त्यांच्या नेहमीच्या बोलण्यात जमा करून टाकलं.

त्या दिवशी परतताना त्यांनी यादी पालथी ठेवण्याचं कारण सांगितलं. बासष्टच्या चीनशी झालेल्या लढाईनंतर माझगावच्या त्यांच्या चाळीत पोलीस एक यादी घेऊन आले. यादीत आईवडील होते, सतरा वर्षांचा धाकटा भाऊ होता आणि तेही होते. पण ते त्या दिवशी विषमज्वराने इस्पितळात पडले होते. बरे होऊन घरी आले तर खोलीला कुलूप. घरच्यांना आधी राजस्थानातली छावणी, मग जहाजाने चीन; काही वर्षं पत्रं आली आणि मग तीही थांबली. आजोबांनी मात्र पुढची सोय करून ठेवली होती. घराण्यात पुढे जन्मणाऱ्या मुलांसाठी त्यांनी तीन थेंबांची नऊ दुर्मीळ अक्षरं निवडून दोन कागदांवर लिहिली होती. एक कागद भावाबरोबर गेला, एक यांच्या वहीत होता. माझगावकरांनी लग्न केलं नाही. भावाला मुलगा झाला असेल तर त्याच्या नावात या नवांपैकी एक अक्षर असणार आणि ते अक्षर कुठल्याही कॉम्प्युटरला येणार नाही. म्हणून हा माणूस चाळीस वर्षं जिथे जाईल तिथे चिनी माणसांच्या याद्या वाचत होता. आपलं माणूस यादीत सापडावं म्हणून, आणि यादीत सापडू नये म्हणूनही.

दोन हजार दोन सालच्या एका मंगळवारी ते सापडलं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कामगार छावणीच्या पासांची यादी होती, साठ-सत्तर नावं. माझगावकरांचा तळहात खाली सरकत सरकत एका रिकाम्या चौकोनावर थांबला. सोबत पासपोर्टची झेरॉक्स होती, तिच्यावर अक्षर स्पष्ट होतं. त्यांनी पेन्सिलीने ते एका कोऱ्या कागदावर मोठं काढलं, वही उघडून आजोबांच्या अक्षराशी ताडून पाहिलं. नवातलं चौथं. अर्थ: मोठ्या नदीतून फुटून निघालेला आणि पुढे जाऊन तिलाच मिळणारा ओढा. वय सत्तावीस. माझगावकर हसले नाहीत की रडले नाहीत. "आला," एवढंच म्हणाले.

माझ्याच्याने राहवलं नाही. आपल्याकडे शुभ कागदाला आधी कुंकवाचं बोट लावतात. ऑफिसात कुंकू कुठलं? माझ्याकडे चुका दुरुस्त करायचा लाल पेन होता. त्यांच्या शेजारी बसून बसून फराट्यांचा क्रम मला येऊ लागला होता. मी तो पेन्सिलीचा कागद ओढला आणि त्या अक्षरावरून लाल शाईने गिरवलं, तीन थेंबांपासून शेवटच्या फराट्यापर्यंत, एकही चूक न करता. त्याचं फार कौतुक होईल अशी माझी समजूत होती.

माझगावकरांनी माझं मनगट धरलं तेव्हा अक्षर पुरं झालं होतं. "आमच्यात जित्या मानसाचं नाव लाल लिवत नाय, बाय," ते हळू म्हणाले. "मेल्याचं लिवतात. नायतर ज्याला मारायचा हाय त्याचं." मी म्हटलं, "अहो, मला काय ठाऊक! फाडून टाकते." ते म्हणाले, "नाव फाडतात काय?" आणि कागदाची घडी करून त्यांनी वहीत ठेवली. मी दहा वेळा माफी मागितली. प्रत्येक वेळी ते म्हणाले, "तू चांगल्या मनानं केलंस." ते खरंच तसं मानत होते आणि म्हणून मला जास्त लागलं.

शुक्रवारी सुट्टी होती. माझे यजमान गाडी काढून आम्हा दोघांना छावणीवर घेऊन गेले. माझगावकरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. फाटकावरच्या पठाण वॉचमनने वहीत बघून सांगितलं, "वो तो परसों गया. अबुधाबी. उधर ऊँची बिल्डिंग का काम है." कधी येणार? "अगले जुम्मे, इन्शाल्ला." ज्या दिवशी मी ते अक्षर गिरवलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याला उंचावरच्या कामाला नेलं होतं. मी वॉचमनपाशी आमच्या ऑफिसचा पत्ता लिहून ठेवला, काळ्या पेनाने.

रोल्लाला उतरताना माझगावकर खिडकीशी वाकले. "बाय, तो लाल पेन हाय काय पर्समधी? जरा दे. घरी काम हाय." मला मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. म्हटलं, चला, गेली एकदाची यांच्या डोक्यातली भीती. मी पेन दिला आणि वर म्हटलं, "ठेवून घ्या तुम्हालाच."

पुढचे चार दिवस ते मजेत होते. सोमवारी एक यादी आली, ती त्यांनी पालथी न ठेवता सरळच समोर घेतली आणि वाचून माझ्याकडे दिली. मी चिडवलं, "काय माझगावकर, आज भीती कुठे गेली?" म्हणाले, "आता कुनाला शोधायचा हाय?" मंगळवारी जाताना वही माझ्या टेबलावर ठेवली. "पुतन्या आला तर दे. मला कधी काय उशीर झाला तर." बुधवारी सकाळी खुर्ची रिकामी होती. दहा वाजता त्यांच्या खोलीतल्या सोबत्याचा फोन आला. रात्री झोपले होते ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. साठी उलटली होती, छाती आधीपासून नाजूक होती, याला कारण लागत नाही. मी हे स्वतःला शंभर वेळा सांगितलं आहे.

शनिवारी पुतण्या आला. एका हातात संत्र्यांची पिशवी, दुसरा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. दारातून आत येताना मान किंचित तिरपी करायची ती त्यांचीच लकब. हाताकडे बोट दाखवून म्हणाला, "फॉल डाउन. बिग फॉल. टू फ्रेंड फिनिश. आय, ओन्ली हँड." कोणत्या दिवशी पडलास, हे मी विचारलं नाही. अजूनही मला ते जाणून घ्यायचं नाही. मी त्याला माझगावकरांच्या खुर्चीत बसवलं, त्याचा काका किती वर्षं त्याला शोधत होता ते मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आणि कधी गेला तेही.

त्याने वही उघडली. शेवटच्या पानावर माझा तो लाल अक्षराचा कागद चिकटवलेला होता. पण त्यातला एकेक फराटा आता काळ्या शाईने झाकला होता, इतक्या निगुतीने की लालचा मागमूस राहू नये. त्याच्याच शेजारी दुसरं एक अक्षर होतं, लाल पेनाने काढलेलं, आणि त्याखाली त्याचं जुनं रूप: नागमोडी रेघ, दोन्ही अंगांना ठिपके. पुतण्याने पानावरून हात झटकन मागे घेतला. मग काकाच्या खुर्चीच्या पाठीला, जिला तो टेकला होता, हात लावून म्हणाला, "धिस, हिज नेम." मला ते अक्षर ठाऊक होतं. एकदा त्यांनी हसत हसत अर्थ सांगितला होता: वाळूत जिरून जाणारं पाणी. आजोबाला शारजा आधीच दिसली असंल, असं म्हणाले होते.

लाल पेन वहीतच होता, टोपण नीट लावलेलं. पुतण्याने तो उचलून विचारलं, "ही हॅव रेड पेन? वाय?" मी म्हटलं, "आय डोन्ट नो."

तो वही घेऊन गेला आणि वर्षभराने मायदेशी परतला. त्यानंतर थोड्या काळाने त्याचं एक पाकीट आलं. आत बाळाचा फोटो आणि मागे काळ्या शाईत एकच अक्षर, डावीकडे तीन थेंब, नवातलं पाचवं. मला इतका आनंद झाला की मी सवयीने देवघरातला कुंकवाचा करंडा उचलला, झाकण काढलं, बोट बुडवलं. मग बोट पुसलं आणि करंडा जागच्या जागी ठेवून दिला.