भैरोबाच्या डाव्या खांद्यावरची कळी

आमच्या घराच्या भिंतींना चुना कमी आणि पत्रकं जास्त होती. दादा, म्हणजे माझे वडील, पुण्यात कारखान्यात कामाला होते. शनिवारी ते एसटीनं मुळशीत गावी यायचे आणि पिशवीत भाजीच्या खाली सभेतून उरलेली पत्रकं असायची. मी अक्षरं पाटीवर शिकण्याआधी भिंतीवर शिकले. 'कामगार बंधूंनो' हे मला वाचता आलेले पहिले शब्द. आईच्या डब्यांखाली 'जागे व्हा' होतं, आणि देव्हाऱ्याच्या फळीवर 'बुवाबाजीला थारा देऊ नका' हे लाल अक्षरांतलं पत्रक अंथरलेलं होतं. आई रोज सकाळी त्याच्यावर देव मांडायची. कागद चांगला जाड होता, म्हणायची.

अशा घरात वाढलेल्या मुलीनं कौलाला विरोध केला नसता तर तिच्या वाढण्याचा उपयोग काय?

कौल कशासाठी लावायचा होता ते सांगते. आईच्या डाव्या बाजूला छातीत गाठ निघाली तेव्हा आबा घरी नव्हते. आबा म्हणजे दादांचे थोरले भाऊ आणि आमच्या एकत्र घराचे कर्ते. ते बैल घेऊन बाजाराला गेले होते. ते परत येईपर्यंत दादांनी आईला पुण्याच्या दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी ती बाजू काढून टाकली. आबा आले तेव्हा सगळं उरकलं होतं. ते दादांना काही बोलले नाहीत. फक्त भैरोबाला विचारलं नाही याची आठवण रोज जेवताना भाताला सांगायचे.

जखम भरल्यावर डॉक्टरांनी आईला, दादांना आणि मला बोलावून सांगितलं की गाठ गेली, पण तिचं बी अंगात कुठं राहिलं असेल तर ते मारायला एक नवं औषध निघालंय. ते शिरेतून देतात. सोमवारी या, काही दिवस राहा, थोडी विश्रांती घेऊन पुन्हा या. उलट्या होतील. केस जाण्याचा संभव आहे. तोपर्यंत चांगलंचुंगलं खाऊन अंगात ताकद आणा. खाट सोमवारची आहे, नाही आलात तर ती दुसऱ्याला जाईल आणि मग कधी मिळेल ते सांगता येणार नाही.

आईनं फक्त एक प्रश्न विचारला. केस गेल्यावर पदर कशावर राहील?

डॉक्टर शिकलेले होते, परदेशात जाऊन आलेले होते, पण या प्रश्नावर ते टेबलावरचे कागद चाळू लागले. मग म्हणाले, रुमाल बांधा. आई परतीच्या एसटीत सगळा वेळ त्यावर हसत होती. रुमाल पुरुष बांधतात, नांगराला जाताना.

गावात बातमी पोचली आणि आमच्या घरी ताकद येऊ लागली. ते दिवस रेशनच्या लाल ज्वारीचे. आमच्या ताटातली भाकरी विटकरीसारखी दिसायची आणि तशीच लागायची. पण आईसाठी कुठून कुठून अंडी आली. सूस गावाहून मावशी दोन कोंबड्या काखेत घेऊन आली. त्यातली एक तिची नव्हती असं नंतर कळलं. माळावरच्या धनगरवाड्यातून बकऱ्याच्या पायांचा रस्सा आला आणि आणणारी बाई आई शेवटचा घोट पिईपर्यंत समोर बसून राहिली. आईला दोन वेळा ढेकर आला की तिसरी वाटी पुढं यायची. औषधानं उलट्या होतील म्हणून डॉक्टर म्हणाले होते. गावानं औषधाची वाट पाहिली नाही.

काकूनं, म्हणजे आबांच्या बायकोनं, केसांचं काम अंगावर घेतलं. ती रोज सकाळी आईचे केस विंचरायची आणि फणीतला एकेक केस बोटाला गुंडाळून डबीत ठेवायची, गंगावन करायला. केस पुरेसे निघेनात, तेव्हा ती जोरात विंचरू लागली. मग आईनंच तिला थांबवलं. म्हणाली, सुईसाठी काहीतरी ठेव. त्यानंतर आई डोक्याला घट्ट फडकं बांधायची, वरून पदर घ्यायची, माझी पिन लावायची आणि खाली वाकून चूल फुंकून बघायची. पदर राहिला की म्हणायची, जमतंय. एवढी तयारी मी कुठल्या मोर्चाचीही पाहिलेली नाही.

पण जायचं की नाही ते अजून ठरायचं होतं. आबांनी सांगून टाकलं होतं, "एकदा देवाला चुकवलं. ही इखाची सुई हाय. देव व्हय म्हणला तर मी सोता गाडी जुपतो. न्हाई म्हणला तर घरातनं पाऊल न्हाई." दादा कारखान्याच्या फाटकावर शंभर माणसांपुढं बोलायचे. थोरल्या भावापुढं ते टोपीच्या कडा नीट करत बसले. आणि आई बोलूच शकत नव्हती. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरापुढं तोंड उघडायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज. लग्नापासून आजवर आई आबांशी एक शब्द बोललेली नव्हती. जे सांगायचं ते मांजराला नाहीतर मला सांगायची, आबांना ऐकू जाईल अशा बेतानं.

कौल सोपा असतो. भैरोबाच्या दगडी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं ओली केलेली एकेक कळी चिकटवायची. गुरव प्रश्न घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गावातल्या विहिरी, लग्नं आणि म्हशी यांचा निकाल असाच लागत आला होता. म्हणजे माझ्या आईचा जीव ओल्या फुलाच्या वजनावर ठेवायचा. मी पेटून उठले. रविवारी मी मोठ्या कागदावर पत्रक लिहिलं, 'कौल की औषध? गावकऱ्यांना जाहीर सवाल'. देवळाच्या भिंतीवर लावायला दादांना खळ शिजवायला सांगितली. दादांच्या खळीला तोड नाही, त्यांनी चिकटवलेलं पत्रक पोलिसांनाही खरवडून काढावं लागायचं. त्यांनी मन लावून पातेलंभर खळ केली. माझ्या हातात आली ती अर्धी वाटी. बाकीची कुठं गेली विचारलं तर म्हणाले, उतू गेली.

अर्ध्या वाटीत जेवढं पत्रक चिकटलं तेवढं चिकटलं. संध्याकाळी एका शेळीनं सुटलेल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि जाहीर सवाल मुळापासून खाऊन टाकला. गावकऱ्यांतल्या कुणीही तो वाचल्याची नोंद नाही.

कौल लावायच्या आधी ज्या घराचा कौल त्या घरानं मूर्तीला अंघोळ घालायची असते. सोमवारी उजाडताना आई, दादा आणि आबा एकेकटे आपापला तांब्या घेऊन गाभाऱ्यात जाऊन आले. मी गेले नाही. मी देवळाच्या पायरीवर निषेध म्हणून बसले होते. आईची वळकटी माझ्या शेजारी होती. खाली आबांची गाडी जुंपून तयार होती आणि सातच्या सुमाराला फाट्यावरून पुण्याची एसटी जाणार होती. जुंपलेली गाडी पाहून मला तेव्हाच काही कळायला हवं होतं. पण मी चिडलेली होते.

गुरव म्हातारा, कमरेत वाकलेला. त्यानं कळ्या ओल्या केल्या, दोन्ही खांद्यांवर लावल्या आणि हात जोडून तोंड उघडलं. तोच उजवी कळी टपकन खाली. आबांच्या तोंडावर हसू आलं. गुरव म्हणाला, अजून इचारलं कुटं? इचारायच्या आदी पडलं ते धरत न्हाईत. त्यानं पुन्हा लावली. पुन्हा 'देवा म्हाराजा' म्हणेपर्यंत ती घसरून पायाशी. तिसऱ्यांदा लावताना त्यानं बोट हुंगलं. मग मूर्तीचा उजवा खांदा हुंगला. मग सावकाश मागं वळून आबांकडं बघितलं. आबा आपली बोटं मिशीला पुसत होते आणि मिशी चकाकत होती. आमच्या घरात आदल्या दिवशी ताक घुसळलं होतं. लोणी आबांच्या ताब्यात असायचं.

गुरव धुपाटण्यापाशी गेला. मूठभर राख घेऊन त्यानं तो खांदा घासून घासून कोरडा केला आणि चौथी कळी लावली. आता ती गच्च बसली. आबांचं हसू गेलं.

"आता सांगा," गुरव म्हणाला, "कशाचं औषीद? देवाला नीट कळाया पायजे."

सगळे पुरुष वर, तुळयांकडे बघू लागले. गाठ म्हणायला कुणाची हरकत नव्हती. ती कुठं होती हे आमच्या घरात आजवर कुणी उच्चारलेलं नव्हतं. दादा म्हणाले, ते आपलं पुण्याचं दुखणं. गुरव म्हणाला, पुण्यात दुखणी लई हायेत. मला छापील शब्द माहीत होता. मी पायरीवरून उठून गाभाऱ्याच्या दारापर्यंत गेले, पण तो शब्द त्या देवळात कुणाला लागू पडला नसता.

तेव्हा आईनं पदर नीट केला आणि उंबऱ्याशी गेली. ती देवाशी बोलली. आबा तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

"देवा, माजं डावं थान कापलं. ते तुला न इचारता गेलं, त्याचा राग धरू नगं. ऱ्हायलेलं बी माराया सुई हाय, ती घ्यायला मी निगालेय. मला अजून जगायचं हाय. डावं माजं गेलंय, आता उजवा तू दे."

तुळयांकडे बघणारे आता जमिनीकडे बघू लागले. आबांच्या मानेची शीर हलत होती. त्यांनी आईचा आवाज एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सरळ ऐकला होता.

आम्ही वाट पाहिली. कळ्या हलेनात. आणि मग मला मुंग्या दिसल्या. काळ्या, बारीक, गाभाऱ्याच्या कोपऱ्यातून निघालेल्या, मूर्तीच्या डाव्या दंडावरून रांगेनं वर चाललेल्या. म्हणजे आईनं अंघोळ घालताना डाव्या खांद्याला गूळ चोळला होता, डावी कळी सुटू नये म्हणून. मुंग्या गूळ खाणार, कळी सुटणार, आणि देव नाही म्हणणार. आईलाही ते त्याच क्षणी दिसलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

मी तत्त्वाची मुलगी आहे. मी त्या गाभाऱ्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं, टाकणार नाही असं चारचौघांत सांगितलंही होतं. मी आत गेले. मी हात जोडले नाहीत, मान वाकवली नाही. मी देवाच्या डाव्या काखेत तोंड घालून मुंग्यांना फुंकर मारत राहिले. गुरवानं विचारलं, पोरी, हे काय करतीस? मी म्हटलं, कचरा आहे. ही गोष्ट कुठल्याही पत्रकाच्या विरोधात जात नाही, हे मी तेव्हाही तपासून पाहिलं होतं.

खाली दूर रस्त्यावर एसटीचा आवाज आला. चढावर ती नेहमी घसा खाकरल्यासारखी करते. आईनं वळकटीकडे बघितलं, पण हलली नाही. कौलाशिवाय निघणार नाही, असा दादांनी आबांना शब्द दिलेला होता.

आबा पुढं आले. म्हणाले, देवाच्या पाया पडायचं ऱ्हायलं. ते वाकले. त्यांचं पागोटं गावातलं सगळ्यात मोठं. उठताना ते पागोटं भैरोबाच्या उजव्या खांद्याला असं काही घासलं की कळी सरळ गुरवाच्या पायावर जाऊन पडली.

सगळ्यांच्या माना कळीकडे वळल्या. मी तोंड उघडलं. कळी पडली नाही, पाडली, हे सत्य माझ्या जिभेवर आलं होतं आणि सत्य दडवू नये असं आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. गुरवानं कळी उचलली, उलटसुलट बघितली आणि डोक्याला लावली.

"दिला," तो म्हणाला. "आता पळा, न्हाईतर यष्टी चुकंल."

आबांनी बैल एवढे पिटाळले की आईच्या पोटातली तीन दिवसांची ताकद फाट्याच्या आधीच रस्त्यावर गेली. एसटी थांबली होती, कारण आबांनी गाडी तिच्या आडवी घातली होती.

पहिली सुई झाली. उलट्या डॉक्टरांनी सांगितल्या त्याहून जास्त झाल्या, आणि एका रात्री आईनं माझा हात धरून ठेवला तो सकाळपर्यंत सोडला नाही. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. आम्ही परत आलो तेव्हा ती पिवळी पडली होती, पण पदर पिन लावून जागेवर होता आणि त्याच्याखाली केस अजून होते. फाट्यावर आबा गाडी घेऊन उभे होते. दादाही सुटी काढून आले होते. देवळापाशी आईनं गाडी थांबवायला लावली, मला सांगून.

उजवा खांदा मोकळा होता. डाव्यावर कळी तशीच, वाळून तपकिरी झालेली. गूळ मुंग्यांनी केव्हाच नेला होता. गुरव म्हणाला, रोज पाणी घालतो, नारळाच्या करवंटीनं घासून बघितलं, निगत न्हाई.

आईनं तिला बोट लावून बघितलं. मग दादांकडे वळली. "गुळात एवढी ताकद न्हाई," ती म्हणाली. "खळ चांगली शिजवलीवती तुमी."

दादा टोपीच्या कडा नीट करू लागले. मला माझी अर्धी वाटी आठवली.

गाडी सुटली. आबा बैलांच्या पाठीकडे बघत होते. मग मागं न वळता त्यांनी मला हाक मारली.

"आईला सांग," ते म्हणाले, "फुडच्या सुईला कौल लावता येनार न्हाई. देवाचा खांदा अजून मोकळा न्हाई."

आई माझ्या शेजारीच बसली होती. मी तिला तसं सांगितलं.