मागच्यावानीच लिव

आमच्या समुद्रपूरच्या प्रार्थनासभेत सगळ्यांत छोटी विनंती आयाबाईंची असायची. दर बुधवारी मी वही घेऊन बसायचो आणि ज्याची त्याची विनंती लिहून घ्यायचो. कुणाला मुलीचं लग्न जमायला हवं असायचं, कुणाला बदली. आयाबाईंची पाळी आली की त्या दाराजवळून एवढंच म्हणायच्या, “मागच्यावानीच लिव, बाबू.” आम्हा तरुण पोरांत त्यांचं नावच ‘मागच्यावानीच’ पडलं होतं. ते पाडणारा मीच.

दवाखान्यात त्या आया होत्या. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा शमुवेल दहावीत नापास झाला आणि कारंजाच्या एका ढाब्यावरून ट्रकवर क्लीनर म्हणून चढला, तो परतलाच नाही. पत्र नाही, निरोप नाही. शमू घरी यावा, एवढंच त्यांचं मागणं. मी नऊ वर्षं ते लिहिलं.

प्रार्थनेत सगळे डोळे मिटत, आयाबाई मात्र उघडे ठेवत. सभेचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी एकदा टोकलं, तर म्हणाल्या, “मी डोये मिटून बसली आन पोरगं दारातून परत गेलं, त?” सगळे हसले. मी तर पुढे जाऊन म्हणालो, “आयाबाई, तेच तेच ऐकून देवालाही कंटाळा येत असेल.” त्या रागावल्या नाहीत. “तू रोज भाकर खातं, तुले येते का कटाळा?” म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसू लागल्या.

वर्षाच्या शेवटच्या बुधवारी आमच्याकडे उपकारस्तुतीची सभा होई. ज्या विनंत्यांना उत्तर मिळालं त्या मी मोठ्याने वाचायच्या, त्यांवर लाल रेघ मारायची आणि मंडळीने ‘हालेलूया’ म्हणायचं. त्या वर्षी चर्चचे पाळकसाहेब नवे होते आणि माझ्या वहीत लाल रेघा जेमतेम तीन. मी दोनच दिवसांपूर्वी नागपूरला जाऊन आलो होतो. पानावर आयाबाईंचं नाव दिसलं आणि मी बोलून गेलो, “शमू मला नागपूरच्या बसस्टँडवर भेटला. म्हणाला, आईला सांगा, मी मजेत आहे, कामाला लागलोय, काळजी करू नका, लवकरच येतो.”

धडधडीत खोटं! मंडळीने एवढ्या जोरात हालेलूया म्हटलं की मलाही ते क्षणभर खरं वाटलं. मी रेघ मारली. आयाबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि “बरं” म्हणाल्या. पुढच्या बुधवारपासून त्यांनी विनंती सांगणंच बंद केलं. सुटलो, असं मला वाटलं. आज ते लिहितानाही लाज वाटते.

दोन वर्षांनी त्या अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. मध्येच ‘शमू’ ऐकू आलं. “अजून मागता?” मी विचारलं.

“मंग? तो आला कुठं?” त्या म्हणाल्या. “माह्या शमूची जीभ अडखळते, बाबू. ‘आई’ म्हनाले त्याले किती येळ लागे! अन् तू त त्याचा निरोप धडाधड सांगून राह्यला होता.”

माझी मान वर होईना. “मग तेव्हाच का नाही बोललात?”

“चारचौघात तुह्यं तोंड काऊन पाडू? पन एकटीनं मागाले लय जड जाते रे. येत्या बुधवारी माह्यं नाव परत लिवजो.”

मी हो म्हणालो. पण नाव परत लिहायचं म्हणजे ती लाल रेघ खोटी होती, हे सगळ्यांसमोर कबूल करायचं. बुधवार आला, मी बाकीच्यांची नावं वाचली आणि वही मिटली. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. तिसऱ्या बुधवारच्या आत आम्ही आयाबाईंना कबरस्तानात पोचवून आलो होतो.

वर्षभराने सभा चालू असताना एक दाढीवाला माणूस दारात येऊन उभा राहिला. नाव सांगायलाच त्याला वेळ लागला. आई गेल्याचं त्याला गावात शिरल्यावर कळलं होतं. पंचांनी त्याला जवळ बसवलं आणि ते मायेने म्हणाले, “तुझ्या आईची प्रार्थना देवाने कधीच ऐकली होती, बेटा. तू नागपूरला भेटलास ना, तेव्हापासून ती निश्चिंत होती. नंतर तिने तुझ्यासाठी कधी विनंती सांगितली नाही.”

“म-मी त सुरतेले होतो,” तो म्हणाला. “ना-नागपुराले क-कधी गेलोच नाई.” मग त्याने सगळ्यांकडे पाहिलं. “म-मंग आईनं माह्यासाठी मागनं सो-सोडलं होतं?”

मी उभा राहिलो.

“तिने नाही सोडलं,” मी म्हणालो. “शेवटपर्यंत एकटीच मागत होती. तिला एकटं मी पाडलं.”