एस्तेरबाईंची पिवळी खोली

एस्तेरबाई पोयनाडकर यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहायचा मान मला मिळाला आहे. मी करंज्याच्या कोळीवाड्यातली मुलगी, बोलण्यात फटकळ. जड शब्द मला झेपत नाहीत, संपादकांनी सांभाळून घ्यावे.

पनवेलला बाईंच्या घरी भरणाऱ्या चित्रकलेच्या वर्गात मी प्रथम गेले तेव्हा माझी मुले कॉलेजात जाऊ लागली होती. वाटले होते, समुद्र रंगवू, होड्या रंगवू. बाईंनी समोर ठेवले त्यांचेच एक तैलचित्र. त्यांची बसायची खोली, पिवळी भिंत, टेबल, खिडकीतून आलेले ऊन आणि एक रिकामी खुर्ची.

"आधी याची नक्कल कर. होड्या कुठे पळून जात नाहीत."

मी खुर्चीचा पाय न् पाय जसाच्या तसा उतरवला. बाईंनी निरखून पाहिले. "रंग बरोबर, मापे बरोबर. पण या खोलीत तुला बसावेसे वाटते का?"

"नाही वाटत," मी सांगून टाकले.

बाईंनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि नाइफ दिली, म्हणजे रंग थापायची बोथट सुरी. म्हणाल्या, "नुसती खुर्ची काढू नकोस. तिच्यातून आत्ताच कोणीतरी उठून गेले आहे, ते दिसू दे." बाई कोकणातल्या ज्यू; त्यांची सगळी भावंडे एकेक करून इस्रायलला गेली. बाई मात्र गेल्या नाहीत. कोणी विचारले तर म्हणतात, "तिथे मला हे विद्यार्थी कोण आणून देणार?"

नाइफने पुन्हा काढलेले ते ओले चित्र लवकर वाळावे म्हणून मी काय केले असेल? अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांखाली उन्हात ठेवले! आमच्याकडे वाळवायची तेवढीच रीत. आये बघून म्हणाली, "खुर्ची हाय, बसनारा नाय. कोन रुसून गेला गं?" तिला बरोबर कळले होते. वर्गात मात्र चित्राचा असा घमघमाट सुटला की बाई नाकाला पदर लावून पोट धरून हसल्या. रंगात चिकटलेली माशी मी खरवडायला गेले, तर म्हणाल्या, "राहू दे. घर म्हटले की माशी आलीच."

गेल्या वर्षी बाई आजारी पडल्या. उजवा हात थरथरू लागला, रेघ भलतीकडेच जाऊ लागली. त्यांनी रंगांची पेटी कपाटात टाकली. "शिकवेन. पण माझे स्वतःचे चित्र आता संपले."

मग एका सोमवारी म्हणाल्या, "मनीषा, तुझी ती बोंबलाची खोली घेऊन ये. मला नक्कल करायची आहे."

मला थट्टा वाटली. पण बाई खरोखरच बसल्या, नाइफ घेऊन. "हात थरथरतो ना? थरथरू दे. भिंतीवरचे ऊन तरी कुठे स्थिर असते?" काही आठवडे त्या थापत राहिल्या, स्वतःवर चिडत राहिल्या. चित्र पुरे झाले तेव्हा भिंत अशी पेटून उठली होती की आम्ही बघतच राहिलो. नक्कल केली की खाली मूळ चित्रकाराचे नाव लिहायचे, हा वर्गाचा रिवाज. बाईंनी लिहिले, 'मनीषाच्या चित्रावरून.' मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. असा गुरू कितीजणांना लाभतो? मी तर छाती फुगवून सांगत फिरते.

बाई, येत्या सोमवारपासून तुमच्या या नव्या चित्राची नक्कल करायला मी बसते आहे. ती तुम्हाला पसंत पडेपर्यंत ठणठणीत राहा. आणि माझे काम तुम्हाला सहजासहजी पसंत पडत नाही, हे सगळ्या पनवेलला ठाऊक आहे.